वडगावचे दोन आकाराम

सातारा, सोमवार, ७ जानेवारी १९४६

आज कामावर रुजू झालो. कचेरी म्हणजे जुन्या धान्यकोठाराच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत सुभेदार लालासाहेब मोहिते बसतात, मागच्या खोलीत मी आणि पत्रं. पत्रं सहाशे तेरा आहेत. लढाई संपून पाच महिने होत आले. ज्यांचं माणूस परतलं नाही आणि ज्यांना नीट खबरही मिळाली नाही, अशा घरांनी ती पाठवलीत. कुणी शाळामास्तरांकडून लिहून घेतलंय, कुणी नुसता अंगठा उठवून कोरा कागदच धाडलाय.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "चौगुले, तुमी फौजेत काय करत हुता?"

मी सांगितलं, हवालदार-क्लार्क, रेकॉर्ड ऑफिस. पलटणीकडून जखमी आणि मेलेल्यांची नावं आणि नंबर यायचे. ते मोठ्या वहीत उतरवून नंबरावरून घरचा पत्ता काढायचा आणि तारेचा मजकूर तयार करायचा. तीन वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही. भाऊबीजेच्या दिवशी माझी बायको पद्मा गेल्याची तार आली, तेव्हाही सगळी पानं पुरी करूनच टेबलावरून उठलो. आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

सुभेदारसाहेबांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. मग म्हणाले, "बरं. बसा." एवढंच.

गुरुवार, १० जानेवारी

तीन दिवस पत्रं वाचली. हा मार्ग नव्हे. प्रत्येक पत्र वाचलं की त्यातलं रडणं डोक्यात राहतं आणि माहिती निसटते.

छावणीत आम्हाला एक मद्रासकडचे शिक्षक होते. ते म्हणत, ज्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येत नाही, तो प्रश्न तुम्ही अजून पुरता फोडलेला नाही. आणि म्हणत, उत्तराला जे लागत नाही ते बाजूला ठेवायला शिका. 'माझा मुलगा कुठे आहे?' या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? पण नंबर ठाऊक आहे का? तार आली का? शेवटचं पत्र इटलीहून होतं का? ब्रह्मदेशातून होतं का? अशा बारा प्रश्नांना उत्तर देता येतं.

म्हणून जाड पुठ्ठ्याची कार्डं कापून घेतली, माणशी एक. वरच्या कडेला बारा भोकं, भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. मग सगळा गठ्ठा उभा धरून एका भोकातून सायकलच्या चाकाची तार घालायची आणि उचलायचं. खाच असलेली कार्डं खाली पडतात, बाकीची तारेवर राहतात. सहाशे पत्रांतून हवी ती माणसं काढायला एक मिनिटही लागत नाही.

सुभेदारसाहेब बघायला आले. कार्डं पडली तेव्हा दचकून मागे सरले.

"आवाज कसला म्हनायचा ह्यो?"

"पुठ्ठ्याचा, साहेब."

"व्हय, पुठ्ठ्याचाच," असं म्हणून ते बाहेर गेले.

बुधवार, १६ जानेवारी

सगळी कार्डं तयार झाली. दोनशे नव्वद जणांचा छडा कागदावरच लागला. बाकीच्यांसाठी पलटणींना पत्रं गेली.

आज एक चमत्कारिक गोष्ट घडली. कुठल्याही भोकातून तार घातली तरी एक कार्ड दर वेळी वरच राहत होतं. काढून पाहिलं. नाव नाही, नंबर नाही, खाच एकही नाही. कोपऱ्यात फक्त 'भाऊबीज १९४४' एवढंच. अक्षर अगदी माझ्यासारखं. कचेरीत माझ्या अक्षराची नक्कल करणारं कोण आहे? फाडून टाकलं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, राजमती आक्काचं, समडोळीहून पत्र आलंय. माझ्या मुलीचा पुन्हा तोच विषय. सुमती तिच्याकडे सुखात आहे, मग मी येऊन काय करणार? रुजू व्हायला येताना मिरजेला गाडी बदलली, तिथून सांगली तीन कोस, पुढे समडोळी. पण तारीख जवळ आली होती. उत्तर उद्या लिहीन.

मंगळवार, २२ जानेवारी

औंधाच्या बाजूच्या वडगावहून दोन माणसं आली होती. म्हातारे नाथाजी साळुंखे आणि त्यांची सून राहीबाई. तिच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

नाथाजी उभ्यानेच बोलायला लागले. "आवं सायेब, माजा ल्योक आकाराम इटलीत गेला. तार आली, तेरावं झालं, गाव जेवला. आन ही कुकू पुशीना. औंधाला यमाईफुडं नेली, वाटलं काय बाहीरचं आसंल. तितंबी ह्येच. तुमी सरकारी मानूस, तुमी सांगा हिला येकदा. न्हाईतर पोर आमच्याकडं ठिऊन हिनं माहेरी जावं."

राहीबाईने पदराच्या गाठीतून तार आणि एक पत्र काढलं. तार मी वाचली. आकाराम साळुंखे, नंबर १५७८३, ४ ऑक्टोबर १९४४ रोजी लढाईत कामी आला.

"तार म्हंती कोजागिरीच्या मागनं गेला," ती म्हणाली. "मग ह्ये कुनी लिवलं?"

पत्रावर तारीख नव्हती, फौजेच्या पत्र-तपासनीसाने तेवढ्या जागी कात्री लावलेली. पलटणीतल्या कुणीतरी लिहून दिलेलं, खाली आकारामचा अंगठा आणि नंबर. मजकूर थोडा होता. मी बरा आहे, इथे चिखल फार, पोरगं आता रांगाय लागलं आसंल, चुलीपासनं जपा.

"ह्ये गेल्या वैशाखात आलं," राहीबाई म्हणाली.

"लढाईची टपाल ती," नाथाजी म्हणाले. "म्हैनं-म्हैनं फिरती. मरायच्या आदी लिवलेलं, मागनं आलं."

"आनी दोन पत्रं आलती. मामंजींनी नदीत सोडली. मेल्याली पत्रं घरात नगं म्हनून. उत्तर लिवून द्याला गावात कुनी तयार न्हाई."

नाथाजींनी मान फिरवली. तेवढ्यात मुलगा खाली उतरून माझ्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे निघाला. त्याला उचलून बाजूला ठेवावं की काय करावं, मला सुचेना. शेवटी तिनेच उचललं.

मी म्हटलं, पंधरा दिवस द्या.

बुधवार, २३ जानेवारी

प्रश्न फोडून पाहिला. मुलगा जन्मला नागपंचमीला, म्हणजे जुलै ४४ च्या शेवटी. ती बातमी इटलीत पोचायला दीड महिना. सप्टेंबरात बाप झाल्याचं कळलेला माणूस बारशाचं विचारील, रांगण्याचं नाही. पत्र ऑक्टोबरच्या आधीचं असेल तर रांगण्याचा उल्लेख बसत नाही. ते कधी लिहिलं हे ठरवायचं तर मूल साधारण कितव्या महिन्यात रांगतं, हे कळायला हवं.

मला ठाऊक नाही. सुभेदारसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मला सात पोरं हायती, पर कवा रांगली ते हिलाच म्हाईत."

आक्काला पोस्टकार्ड टाकलं. एकच ओळ: मूल कितव्या महिन्यात रांगू लागतं ते उलट टपाली कळवावे.

गुरुवार, ३१ जानेवारी

आक्काचं उत्तर आलं. चार पानं.

'दत्ता, तुझं कार्ड वाचून मी किती वेळ तशीच बसून राहिले. सव्वा वर्षात पहिल्यांदा विचारलंस रे. तुझी सुमती आठव्या महिन्यात रांगली. थेट गोठ्यापर्यंत गेली आणि म्हशीच्या पायाशी जाऊन बसली, माझा जीव गेला होता. आता चालते. आरशात बघून हसते तेव्हा पद्मीच दिसते. तू कधी येतोस ते लिही, तिला तुझं नाव शिकवून ठेवते...'

आक्काचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. मी कचेरीच्या कामासाठी विचारलं होतं. असो. आठवा महिना.

म्हणजे पत्र मार्च-एप्रिल ४५ मधलं. म्हणजे नंबर १५७८३ हा मरणानंतर सहा महिन्यांनी मुलाच्या रांगण्याचा हिशेब करत होता.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

तो मेला नसेल तर दुसरं कुणीतरी मेलं. पलटण उगाच नंबर कळवत नाही.

तर मग कुणाचं? कार्डं घेतली. इटली? तार. तीच पलटण? तार. शेवटचं पत्र ऑक्टोबर ४४ च्या आधीचं? तार. मृत्यूची खबर आलेली नाही? तार. प्रत्येक वेळी गठ्ठा पातळ होत गेला. शेवटी जमिनीवर चार कार्डं उरली. त्यातल्या तिसऱ्यावर नाव होतं: आकाराम साळुंखे. गाव वडगाव. पण हे वडगाव विट्याच्या बाजूचं. चौकशी करणारी: आई, साळूबाई केरबा साळुंखे. पत्रं आठ. दर दोन महिन्यांनी एक, मजकूर तोच. मुलाचं पत्र येत न्हाई, कुटं हाय ते कळवा.

नंबर १५७३८.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. ७८३. ७३८. शेवटचे दोन आकडे जागा बदलून बसलेले.

कोठाराला खिडकी एकच आहे. बराच वेळ तिच्यापाशी उभा होतो.

शनिवार, २ फेब्रुवारी

चूक कुठे झाली? पलटणीतून राहीबाईच्या हातापर्यंत बातमी पाच हातांतून गेली: पलटणीचा कागद, रेकॉर्ड ऑफिसची वही, तारेचा मजकूर, तालुक्याचं तार ऑफिस, आणि गावात तार वाचून दाखवणारा पोलीस पाटील. पाचही तपासत बसायचं नसतं. मधला हात आधी तपासायचा. तिथे चूक दिसली तर ती त्या हाताची किंवा त्याच्या आधीची, नाही दिसली तर नंतरची. निम्मं काम तिथेच संपतं.

तार राहीबाईकडे होती. तिच्यात १५७८३ आणि १५७८३ चंच घर. म्हणजे तारेत चूक आधीच शिरलेली. तार ऑफिस आणि पोलीस पाटील सुटले. उरला पलटणीचा कागद, वही, किंवा वहीवरून मजकूर उतरवणारा. पलटणीकडून नुसतं नाव आणि नंबर येई, बापाचं नाव नसे. वहीत नंबर उलटा पडला असता तरी नाव जुळलंच असतं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

कुणातरी कारकुनाने त्या दिवशी लक्ष दिलं नाही. झोप, ताप, घरची भांडणं, काहीही असेल. अशा माणसाला त्या टेबलावर बसवायलाच नको होतं.

पलटणीच्या कागदाची आणि वहीच्या पानाची नक्कल मागवली. १५७८३ हयात आहे का, तेही पलटणीला तारेने विचारलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

पलटणीचं उत्तर: नाईक आकाराम साळुंखे, १५७८३, हयात. एप्रिलच्या जहाजाने येणार.

सुभेदारसाहेब खुर्चीतून उठले आणि उगाचच माझा हात दाबला. "चौगुले, मढं उठवलंसा तुमी."

मला आनंद व्हायला हवा होता. दुसरं कार्ड टेबलावरच होतं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

नकला आल्या.

पलटणीच्या कागदावर स्वच्छ १५७३८. वहीच्या पानावर १५७८३. पानाचा फोटो काढून पाठवलाय, त्यामुळे अक्षरही दिसतं. आठाचा आकडा खालून सुरू करून वर नेलेला. असा आठ मीच काढतो. शाळेत त्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या.

पानाखाली सहीही माझीच: जि. पा. चौ. दिनांक १९ ऑक्टोबर १९४४.

भाऊबीज.

बुधवार, २७ फेब्रुवारी

कचेरीत गेलो नाही.

शुक्रवार, १ मार्च

सुभेदारसाहेबांपुढे पान ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"दुरुस्तीची तार वरनं जाईल," ते म्हणाले. "सही कुनाची ते कोन इचारतंय? दोनी घरांस्नी सरकारी कागद जाईल. तुमी गप ऱ्हावा."

"साळूबाईंना वाचता येत नाही, साहेब. पोलीस पाटील वाचून दाखवील."

"मग?"

"मग काही नाही. मी जाऊन सांगतो."

त्यांनी चष्मा डबीत ठेवला. "त्या दिशी तुमची बायकू गेलती न्हवं? तसं सांगितलंसा तर मानूस समजून घिईल."

मी म्हटलं, ते सांगणार नाही. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

लिहिताना वाटतं की आहे. त्या दिवशी टेबलावर काय घडलं ते आठवायचा प्रयत्न केला. तार वाचली, घडी करून खिशात ठेवली, पुढचा नंबर घेतला. त्यानंतर संध्याकाळपर्यंतचं काहीच आठवत नाही. रेकॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी पाठ थोपटली तेवढं आठवतं. फाडलेल्या त्या कार्डावरचं अक्षरही माझंच होतं, हे आता कळतंय. ते लिहिल्याचंही आठवत नाही.

शनिवार, ९ मार्च

त्या दिवशीच्या माझ्या बाकीच्या अठ्ठेचाळीस नोंदींची यादी मागवून एकेक पडताळली. पलटणीचा कागद डावीकडे, वही उजवीकडे, आणि सुभेदारसाहेब मोठ्याने आकडे उलटे वाचणार. उलटे वाचले की डोळा सवयीने पुढे पळत नाही. बाकीच्या सगळ्या बरोबर निघाल्या.

"सुटलासा," साहेब म्हणाले.

अठ्ठेचाळीस घरं खरोखरच रडत होती, एवढंच सिद्ध झालं.

मंगळवार, १२ मार्च. औंध

सकाळी वडगावला गेलो. नाथाजी खळ्यावर होते. तुमचा मुलगा जिवंत आहे म्हणताच ते खाली बसून दोन्ही हातांनी मातीच उकरायला लागले. मग तोंडावर हात ठेवून म्हणाले, "मी त्याची पत्रं नदीत सोडली वं."

राहीबाई घरातून आली. मला वाटलं रडेल, देवाला हात जोडील. ती दाराला टेकून उभी राहिली.

"मी सांगत हुते," ती म्हणाली. "दीड वरीस सांगत हुते. गावात कुनी मला हळदीकुकवाला बोलीवलं न्हाई. बायका म्हनायच्या, हडळ लागलीया." मग मला विचारलं, "कुनाची चूक झालती, सायेब?"

"माझी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. जेव म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. ठेवताना जरा जोराने ठेवला.

गुरुवार, १४ मार्च. विटा

आता दुपारचे चार. धर्मशाळेच्या ओसरीवर बसून लिहितोय.

साळूबाईंचं घर वडगावच्या टोकाला, ओढ्यापलीकडे. दारात एक बोकड बांधलेला, वासराएवढा. मी जवळ जाताच माझ्या सदऱ्याला नाक लावून उभा राहिला.

"भिऊ नगासा," म्हातारी आतून म्हणाली. "गरीब हाय. आकाराम आला म्हंजी बिरोबाला द्याचाय. करडू हुता तवा नवस बोलले हुते, आता बघा केवडा झालाय."

मी नाव सांगितलं, कचेरीतून आलोय म्हटलं. तिने घोंगडं अंथरलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतः खाली बसली. त्यानंतर मुलगा गेल्याचं सांगायला मला फार शब्द लागले नाहीत.

मी सगळं क्रमाने सांगितलं. पलटणीचा कागद, नंबर, वही, उलटे पडलेले आकडे, दुसरं वडगाव, दुसरा आकाराम. ती ऐकत होती. शेवटी विचारलं, "कंच्या दिशी?"

"चार ऑक्टोबर."

"आपलं सांग."

"कोजागिरीनंतर दोन दिवसांनी. सन चव्वेचाळीस."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "तवा मी भुईमूग काढीत हुते," ती म्हणाली. "त्या साली शेंग लय हुती. मी गानी म्हनत हुते रं, बायकांसंगं." आणि मग, "सतरा म्हैनं झालं."

"हो."

"सतरा म्हैनं तू मला त्यो जिता दिलास. त्या दुसरीचा घेटलास आन मला दिलास. आता तुला शिव्या दिऊ का तुज्या पाया पडू, मला कळंना."

मी घोंगड्याची सुटलेली दशी बोटाला गुंडाळत राहिलो.

"पोरगी बगून ठिवली हुती त्याला. तिच्या बाला मी थांब म्हनत हुते. त्या पोरीचंबी वय गेलं." ती उठली, बोकडाची दोरी सोडली. बोकड जागचा हलला नाही. तिने त्याला ढकललं, तरी हलला नाही. मग तीच त्याच्या मानेवर डोकं ठेवून उभी राहिली.

तशीच म्हणाली, "त्यो मेला तवा जवळ कोन हुतं?"

मला ठाऊक नव्हतं. कार्डावर तसा प्रश्न नव्हता.

"मग तू मला काय सांगाय आलास?" ती म्हणाली. "तारीक? जा आता."

रविवार, २१ एप्रिल. सातारा

आकाराम आला. सातारा रोड स्टेशनवर नाथाजी, राहीबाई आणि मी होतो. तो खाली उतरला, वाळून काटकी झालेला, आणि आम्हाला बघून पुन्हा डब्याच्या पायरीवर चढला. राहीबाईने पुढे होऊन त्याचा हात धरला तेव्हा कुठे उतरला.

नंतर बाकावर बसून मला म्हणाला, "मी तीन पत्रं धाडली. येकाचं उत्तर न्हाई. वाटलं गावात पटकी झाली, समदी गेली. परत याचंच न्हाई म्हनत हुतो. कुनाच्या घरात यायाचं?"

म्हणजे इकडे हे त्याला रडत होते, आणि तिकडे तो यांना. माझ्या एका आठापायी.

मुलगा त्याच्याकडे जाईना. आईच्या मागे लपून बघत होता. आकाराम त्याला म्हणाला, "रांगत हुतास न्हवं तू?"

मी त्याला दुसऱ्या आकारामबद्दल विचारलं. तो चटकन म्हणाला, "धाकला? आमी त्याला धाकला म्हनायचो, मला थोरला. मी तितंच हुतो. माज्या हातानं पुरला त्याला." मग, "त्याची आई हाय का?"

शुक्रवार, २६ एप्रिल. विटा

आकारामला घेऊन साळूबाईंकडे गेलो. घरी पोचून चार दिवस झालेत त्याला, पण स्वतःच म्हणाला चला.

साळूबाई दारात उभी होती. मी नाव सांगायच्या आत तिने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा, आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. दुसरा."

"व्हय, आत्ती," तो म्हणाला. "दुसरा."

"बस. पयल्यापासनं सांग."

मी उठून बाहेर जायला निघालो. ती म्हणाली, "तूबी बस. तुला काय म्हाईत न्हाई."

दोन प्रहर तो सांगत होता. जहाजावर धाकल्याला सारखी उलटी व्हायची आणि तरी तो वाढप्याकडे पहिल्या रांगेत असायचा. गोळ्यांना भ्यायचा नाही, पण खेचरांना भ्यायचा. खेचर जवळ आलं की थोरल्याच्या मागे दडायचा. इटलीतल्या एका म्हातारीची शेळी ओढ्यात पडली, ती काढायला कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि पलटणीच्या सुभेदाराच्या शिव्या खाल्ल्या. हसताना नाकातून आवाज यायचा. त्या दिवशी पहाटे पाऊस होता. डोंगर चढताना तो म्हणाला होता, आपल्याकडं आता शेंगा उपटत्यात. नंतर तोफ लागली. थोरला त्याच्याजवळ होता. लगेच गेला, त्रास झाला नाही. हे शेवटचं सांगताना थोरल्याचा आवाज बदलला, आणि साळूबाईनेही तो ऐकला. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आणखी विचारलं नाही.

"शेंगा म्हनला?" एवढंच परत विचारलं.

"व्हय."

तेव्हा ती रडली. ऐकून शेजारच्या बाया आल्या. घर भरलं.

नंबर १५७३८ बद्दल मला बारा प्रश्नांची उत्तरं ठाऊक होती. त्यातलं एकही आज कुणी विचारलं नाही.

रविवार, २८ एप्रिल. समडोळी

विट्याहून साताऱ्याला परत जायचं होतं. गेलो नाही. मिरजेला उतरलो, तिथून सांगली, सांगलीहून बैलगाडीने इथे.

आक्का अंगणात मिरच्या निवडत होती. मला बघून तिने काही म्हटलं नाही, सूप बाजूला सारून जागा केली. सुमती तिच्या पाठीमागून बघत होती. मी हात पुढे केला, तर तिने हातावर एक मिरची ठेवली आणि पळाली.

बराच वेळ बसलो. जेवणं झाली. आक्का पुन्हा मिरच्यांपाशी आली, तेव्हा मी म्हटलं, "आक्का, पद्मा कशी गेली?"

तिने मान वर केली. "तुला तार धाडलेली ना."

"तार वाचली. तू सांग. पहिल्यापासून सांग."

आक्काने पदराला हात पुसले आणि माझ्या समोर वळून बसली. "त्या दिवशी सकाळी तिनं केस धुतले होते," ती म्हणाली.